वीसच्या नोटेवरचा तीळ

४ फेब्रुवारी, बुधवार

तीळ जरा जास्तच स्पष्ट आहे.

मोजणीबाईच्या काचेच्या निगेटिव्हचं नवीन स्कॅन आज संग्रहालयातून आलं. छापखान्यात आजवर होता तो कागदावरचा फोटो — तळहाताएवढा, कडा पिवळ्या पडलेला. बाबांनी वीसच्या नोटेवरचा चेहरा त्यावरूनच कोरला. बाईचा जगात हा एकच फोटो आहे. जन्मभर नदीची पातळी मोजली, पूर येण्याआधी गावं रिकामी करवली, आणि कॅमेऱ्यासमोर एकदाच बसली — तेही नाराजीनं, चेहऱ्यावर दिसतं.

स्क्रीनवर चेहरा मोठा केला. पापण्या, ओठ, कानातलं — सगळं किंचित मऊ. हनुवटीवरचा तीळ मात्र सुईनं टोचल्यासारखा.

नव्या मालिकेत वीसचा चेहरा माझ्याकडे आला आहे. अक्षरवाले काका म्हणाले, वारसाहक्क! (नोटेवरची सगळी अक्षरं ते कोरतात, बाबांच्या वेळेपासून.) मी म्हटलं, निवड परीक्षा घेऊन झाली. ते म्हणाले, तेच ते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोजलं. दोनदा.

त्या काळी फोटो निघायला काही सेकंद लागत. तेवढ्यात बाई हलली. फार नाही, पण भुवयांच्या, ओठांच्या, कानातल्याच्या, सगळ्या कडा एकाच दिशेला, सारख्याच पुसट झाल्या आहेत. मागची भिंत स्वच्छ आहे. खुर्चीची पाठ स्वच्छ आहे.

भिंत हलली नाही, खुर्ची हलली नाही, तीळही हलला नाही. फक्त बाई हलली.

म्हणजे तीळ बाईवर नाही.

काच कॅमेऱ्यात सरकवताना तिच्यावर धुळीचा कण बसला, तर त्याच्याखाली प्रकाश पोचत नाही. निगेटिव्हवर तिथं पारदर्शक ठिपका राहतो, कागदावर तो काळा उमटतो. असेच काही ठिपके भिंतीवर आहेत, एक बाहीवर आहे. आमच्या कागदावरच्या फोटोत ते नव्हते — कुणीतरी बारीक ब्रशनं भरून टाकले होते. हनुवटीवरचा तेवढा राहू दिला. चेहऱ्यावर होता म्हणून.

पुलाजवळच्या पुतळ्याला तीळ आहे. शाळेच्या पुस्तकातल्या चित्राला आहे. शाळेत मी एकदा मोजणीबाई झाले होते, तेव्हा बाबांनी डोळ्याला भिंग लावून माझ्या हनुवटीवर शाईचा ठिपका दिला होता. "हलू नकोस," म्हणाले होते. मी हलले नाही.

कुणाला सांगितलं नाही अजून.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी शेजारचे नवीन बिऱ्हाडकरू आले. आईनंच विषय काढला — वीसची नोट ह्यांनी कोरली आहे! त्यांनी लगेच खिशातून नोट काढली, उलटसुलट केली, बाबांकडे बघितलं, पुन्हा नोटेकडे. बाबा फक्त म्हणाले, हो, चेहरा तेवढा माझा. बाकीचं इतरांचं. आणि त्यांच्या नळाच्या तक्रारीबद्दल विचारत बसले.

पाहुणे गेल्यावर, मी कप विसळत असताना, गोष्ट सुरू झाली. पाहुण्यांना निदान नवीन तरी वाटली असती! मला तोंडपाठ आहे.

थोरले साहेब (छापखान्याचे तेव्हाचे प्रमुख) म्हणाले, नोटेवरच्या बाईला डाग नको, लोक हसतील, तीळ पुसा. बाबा म्हणाले, फोटोत आहे. साहेब म्हणाले, फोटोत असेल, नोटेत नको. मग बाबांनी कोरणी टेबलावर ठेवली आणि —

"मी चेहरा कोरतो, सुधारत नाही."

हे वाक्य बाबांच्या बरोबरीनं आईही म्हणते, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. नंतर म्हणाली, "ह्यांची पहिली बायको ती. मी आपली नंतरची. माझ्या चेहऱ्यावर कुठं काय आहे विचार, सांगता येतं का बघ."

बाबांनी सांगितलं. उजव्या भुवईत जखमेची खूण, कानाच्या पाळीला दुसरं बुजलेलं भोक. भिंतीकडे बघत सांगितलं.

आई भुवईवरून बोट फिरवत आत गेली.

बाबांचा हात आज जास्त थरथरत होता. कप दोन्ही हातांनी धरतात आता. डोळे मात्र अजून माझ्यापेक्षा चांगले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवीन मालिकेच्या आधी छापखान्यात देशाच्या सगळ्या नोटांचं प्रदर्शन भरवणार आहेत. १४ मार्चला उद्घाटन. फक्त आजी-माजी कामगार आणि घरची माणसं. मॅडमनी (आमच्या विभागप्रमुख) बाबांना बोलायला बोलावलं आहे. विषयही त्यांनीच ठरवला: तिळाची गोष्ट.

आईनं कोट आजच बाहेर काढून ठेवला.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रदर्शनातल्या पाट्यांचा मजकूर माझ्याकडे आला. मला आवडलं — लोकांशी बोलायचं नाही, वस्तूंबद्दल लिहायचं.

पहिल्या नोटा परदेशात छापून यायच्या. त्यांवर बंदर आणि जहाज आहे. आपल्याकडे तसं बंदर नाही. छापणाऱ्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा ठसा पडून होता, तोच वापरला. लोकांनी ते जहाज निमूटपणे खिशात ठेवलं.

मग राजाच्या नोटा. राजा प्रत्येक नोटेवर एकाच वयाचा — पंचविशीतला. मेला तेव्हाही पंचविशीतला.

राजा गेल्यावर नोटा बदलल्या, पण कागद आधीच बनवून ठेवला होता आणि त्या कागदातल्या जलचिन्हात राजा होता. कागद संपेपर्यंत असं चाललं: वरून कणसं आणि दातेरी चाक, उजेडात धरलं की आतून राजा. पाटीत हे असंच लिहिलं. मॅडम "आतून राजा" खोडतील बहुतेक.

नंतर माणसं आली. मोजणीबाई, डोळ्यांचा डॉक्टर, पूल बांधणारा. चेहरा का घालतात? सुंदर दिसतो म्हणून नाही. फूल जरा वेगळं छापलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखीचा चेहरा केसभर बदलला की माणसाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी. खोटी नोट पकडायला यापेक्षा स्वस्त यंत्र नाही.

आणि एका नोटेवर एकाचाच हात कधी नसतो. चेहरा एकानं, अक्षरं दुसऱ्यानं, पार्श्वभूमीची रेघांची जाळी तिसऱ्यानं. कुणा एकाला अख्खी नोट येता कामा नये. सही कुणाचीच नाही. बाबांची सही म्हणजे तो तीळ, असं काका म्हणतात.

पाटी लिहिली: "वीस — मोजणीबाई. मागे नदीतला पातळी मोजण्याचा खांब." तिळाबद्दल काही लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवीन नोट ठरण्याआधी तिची चाचणी होते. नोटा रोज हाताळणाऱ्या लोकांना बोलावतात, नमुने देतात (चेहरा तूर्त बाबांचाच, माझा व्हायचाय). काही नमुन्यांत मुद्दाम एकेक गोष्ट बदललेली असते — कोणती खूण लोक खरोखर बघतात ते कळावं म्हणून. काय बदलायचं ते ठरवणं माझ्याकडे आहे.

एकात आतला धागा सरकवला. एकात मागचा हिरवा रंग गडद केला. एकात आकड्यांचं वळण बदललं. एकात तीळ काढला.

मॅडमनी यादी बघितली. तीळ? म्हणाल्या. मी म्हटलं, चेहऱ्यातलं काहीतरी हवं. पटलं त्यांना. खोटं बोलले नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी झाली. आमच्याकडे बाहेरची माणसं येतात आणि मोठ्यानं बोलतात, असा हा एकच दिवस.

धागा कुणाच्या लक्षात आला नाही. रंग एका बँकेतल्या रोखपालाला जाणवला, पण त्याला वाटलं दिव्यामुळे असेल. आकडे कुणालाच कळले नाहीत. काका तोंड पाडून बसले — वळणासाठी त्यांनी तीन दिवस घालवले होते.

बिनतिळाची नोट बस कंडक्टरच्या हातात गेली. त्यानं ती बोटांवर एकदा फिरवली आणि परत केली.

"ही ती नाही. हिची धाकटी बहीण असेल."

मी विचारलं, काय वेगळं आहे. तो म्हणाला, ते तुम्ही शोधा, पगार तुम्हाला मिळतो. भाजीवालीनं नोट लांब धरून बघितली, म्हणाली, हिला कुणीतरी खसखसून धुतलीय, मी नाही घेणार. औषधाच्या दुकानातल्या माणसानं न बोलता नकली नोटांच्या पेटीत टाकली.

एकानंही घेतली नाही. म्हणजे बाईचा जो चेहरा खरा होता, तो नकली ठरला. निकालात तसं लिहिता येत नाही. लिहिलं: "तीळ — ओळखीची सर्वांत प्रभावी खूण."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर पापण्यांच्या रेघा. काही लिहिण्यासारखं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काकांनी पकडलं. चहाच्या वेळी माझ्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंतीवरच्या ठिपक्यांवर एकेक करत बोट ठेवलं. शेवटचं बोट हनुवटीवर. माझ्याकडे बघितलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

मग बराच वेळ ते माझ्याशी नाही, चहाशी बोलले. म्हणाले, मुख्य कोरणाऱ्याची खुर्ची तुझ्या बाबांना मिळायची होती. तिळावरून भांडण झालं आणि साहेबांनी ती दुसऱ्याला दिली. तो दुसरा चांगला माणूस होता, पण त्याला नाक कोरता येत नसे. त्याच्या काळातल्या सगळ्या नोटांवरची माणसं सर्दी झाल्यासारखी आहेत. तुझे बाबा निवृत्त होईस्तोवर खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसले. कधी तक्रार नाही. का? तर आपण बरोबर होतो म्हणून.

घरी हा भाग कधी सांगितलेला नाही. गोष्ट नेहमी कोरणी टेबलावर ठेवण्यापाशी संपते.

मी विचारलं, काका, तुम्ही काय कराल. ते म्हणाले, मी अक्षरवाला. कागदावर आहे ते अक्षर कोरतो. चुकीचं असेल तर दोष कागदाचा. तुम्हा चेहरेवाल्यांचं तसं नाही, तुम्हाला वाटत असतं समोर माणूस बसलाय.

जाता जाता म्हणाले, आकड्यांचं वळण एकालाही कळू नये म्हणजे कमाल झाली.

३ मार्च, मंगळवार

समितीपुढे नवा चेहरा मांडला. पद्धत अशी आहे की चेहऱ्यातल्या प्रत्येक गोष्टीला आधार काय ते कोरणाऱ्यानं सांगायचं — केसांचा भांग, बटणं, सुरकुत्या. मला वाटलं होतं, तिळापाशी आले की सुचेल काहीतरी.

सुचलं नाही. जे होतं ते सांगितलं. भिंत, खुर्ची, बाही, मोजमापं.

इतिहासाचे सर समितीवर आहेत. मोजणीबाईवरचं पुस्तक त्यांचं. त्यात तिळावर अख्खा परिच्छेद आहे — करारी स्वभावाची खूण वगैरे.

"आणि माझ्या पुस्तकाचं काय?"

मॅडम म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत बघा. सर म्हणाले, पुढची निघेल असं तुम्हाला वाटतं, हेच माझ्यासाठी खूप आहे.

मग मॅडमनी चाचणीचा निकाल पुढे ओढला. एकानंही घेतली नाही? एकानंही नाही, मी म्हटलं. विषय संपला. तीळ राहणार. धूळ की बाई हे आमच्यापुरतं. बाहेर काही सांगायचं नाही. बाहेर काही न सांगण्याची सवय इथं सगळ्यांनाच आहे.

बाकीचे गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुमच्या वडिलांना तिळाच्या गोष्टीवर उभं करणं आता मला बरं वाटत नाही. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांना तोवर कळलेलं असेल. त्यांच्या तोंडासमोर टाळ्या वाजवतील आणि बाहेर जाऊन हसतील. तुम्ही त्यांना आधी सांगा. नाहीतर मी विषय बदलते, काहीतरी कारण काढून.

मी म्हटलं, मी सांगते.

४ मार्च, बुधवार

सांगितलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

नाही. आई त्यांना कोट घालून बघायला लावत होती. खांद्यात सैल झाला आहे. बाबा आरशासमोर उभे, आई मागून टाचण्या लावत होती. म्हणाली, सरळ उभे राहा, हलू नका.

मी खोलीतून बाहेर आले.

८ मार्च, रविवार

आज ठरवून बसले. बाबा बाल्कनीत होते. रविवारी ते भिंगं काढून कापडानं पुसतात, वापरत नसले तरी. मी शेजारी स्टूल घेतलं, एक भिंग उचललं आणि पुसायला लागले. तिथून सुरुवात करणं सोपं जाईल असं वाटलं.

विचारलं, बाबा, तुम्ही ती काचेची निगेटिव्ह कधी बघितली होती का?

"कोरताना? नाही. कोरताना कागदच होता."

मग त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"का? काही दिसलं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती त्यांना. मी म्हटलं, नाही. स्कॅन चांगलं आलंय एवढंच. डोळे फार सुंदर दिसतात.

"हं," म्हणाले. मग पुन्हा भिंग उचललं. आणि साहेब, डाग, कोरणी — गोष्ट पहिल्यापासून. मी शेवटपर्यंत ऐकली.

समितीपुढे बोलताना माझा आवाज बदललाही नव्हता. घरी एक वाक्य बोलता येत नाही. कारण तपासलं. बाबा चुकले हे सांगण्यात मला अडचण नाही. चुकीवर ते कसे जगले हे सांगण्यात आहे. आणि तसं सांगायचं झालं तर मुख्य कोरणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत जावं लागतं, ज्याबद्दल मला माहीत असायला नको.

९ मार्च, सोमवार

प्रदर्शनाच्या दर्शनी भिंतीवर मोजणीबाईचा मोठा फोटो लागणार आहे, माणसाहून उंच. फाईल माझ्याकडे मागितली. अशा वेळी ठिपके, ओरखडे साफ करून द्यायची पद्धत आहे.

साफ केली नाही. भिंतीवरचे ठिपके, बाहीवरचा, सगळे तसेच ठेवून पाठवली.

तोंडानं जमलं नाही ते भिंतीवर लावलं. त्यांचे डोळे चांगले आहेत. दिसेल. विषय बदलायचा की नाही ते मग त्यांनीच ठरवावं — हे सभ्य आहे की भ्याड, याचं माप माझ्याकडे नाही. मॅडमना म्हटलं, विषय बदलू नका. त्यांनी धरून घेतलं की घरी बोलणं झालंय. मी ते खोडलं नाही.

११ मार्च, बुधवार

आज तीळ कोरला.

बाकीचा चेहरा स्क्रीनवर रेघ रेघ आखला आणि यंत्रानं पोलादात उतरवला. तीळ मी ठशावर हातानं केला, बाबांच्या कोरणीनं. ठशावर सगळं उलटं असतं, बाई दुसरीकडे बघते. पोलादातून निघालेली चीप परत चिकटवता येत नाही, एवढं एकच वाक्य त्यांनी मला शिकवताना पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाबांचा तीळ भिंगाखाली बघितला. कडा अगदी स्वच्छ, गोल. फोटोत होता तसा, प्रामाणिकपणे. म्हणूनच तो चेहऱ्याच्या वर तरंगतो. एकदा दिसलं की दिसतच राहतं.

मी तो हलवला. म्हणजे जागा तीच, पण बाई जेवढी हलली होती तेवढीच त्याची कड पुसट केली, त्याच दिशेला. चार बारीक टिंबं, एका बाजूला जरा विरळ. आता तो तिच्याबरोबर हलतो.

त्यांनी खरा समजून कोरला आणि तो धुळीसारखा दिसतो. मी धूळ आहे हे माहीत असून कोरला आणि तो खरा दिसतो. यावर काय वाटलं पाहिजे ते कळत नाही. काम चांगलं झालं आहे.

१४ मार्च, शनिवार

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.

बाबा लवकर पोचले. आई कोटाची बाही ओढून सरळ करत होती. बाबा थेट दर्शनी भिंतीकडे गेले. हात मागे बांधून उभे — थरथर दिसू नये म्हणून ते तसे उभे राहतात. आधी चेहरा बघितला. मग डोळे भिंतीवरच्या ठिपक्यांवरून गेले, एकेक, सावकाश. मग बाही. मी खांबाजवळ होते. त्यांनी मागे वळून मला शोधलं नाही.

काका माझ्याजवळ येऊन पुटपुटले, साफ नाही केलास? मी मान हलवली. ते म्हणाले, देवा रे.

सगळे बसले. मॅडमनी ओळख करून दिली आणि तिळाची गोष्ट ऐकायला आम्ही सगळे उत्सुक आहोत असं म्हणून घाईनं खाली बसल्या. बाबा उभे राहिले. कागद आणला नव्हता.

म्हणाले, ही बाई फोटो काढताना हलली. एवढीशी — आणि बोटांनी दाखवायला गेले, तर बोटंच त्याच्या दसपट हलली. लोक हसले, तेही हसले. म्हणाले, जन्मभर पाणी स्थिर व्हायची वाट बघणारी बाई, तिला स्वतःला तीन सेकंद स्थिर बसता येईना. मग पापण्यांबद्दल बोलले. वरची पापणी कोरताना श्वास कुठं धरायचा, डोळ्यातला उजेड म्हणजे न कोरलेलं पोलाद कसं असतं. थोरल्या साहेबांचं नाव काढलं नाही. कोरणी टेबलावर ठेवली नाही.

बोलणं संपत आलं तेव्हा मागून कुणीतरी जुन्या छपाईवाल्यानं ओरडून विचारलं, अहो, तीळ राहिला!

खोलीतले काही लोक आपल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांना माहीत होतं. मॅडम अर्ध्या उठल्या.

बाबा म्हणाले, "तो आता माझ्याकडे नाही. माझ्या मुलीकडे आहे. तिला विचारा."

सगळे वळले. बाबाही. बाल्कनीतल्यासारखेच बघत होते. घाई नव्हती.

मी म्हटलं, "तीळ नव्हताच. काचेवरची धूळ आहे."

आवाज बरा निघाला. बाबांनी सभागृहाकडे बघितलं.

"ऐकलंत?" म्हणाले. आणि खाली बसले.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या. पहिल्या काकांच्या.

घरी येताना तिघं शेजारीशेजारी. आई मधे. कोट त्यांनी घरी पोचेपर्यंत काढला नाही.

१५ मार्च, रविवार

सकाळी नव्या नोटेचा नमुना बाबांच्या पुढ्यात ठेवला. भिंग लावून बघत राहिले. म्हणाले, कड मऊ केलीस. मी म्हटलं, हो. म्हणाले, बसला. आणि भिंग माझ्या हातात देऊन फिरायला गेले.

आई कोटाच्या टाचण्या काढत होती. मी तिला म्हटलं, काचेची निगेटिव्ह त्यांना आधीच दाखवायला हवी होती, एकदम भिंतीवर बघावी लागली.

आई म्हणाली, "एकदम कुठं? ती काच बघायला आम्ही दोघं गेलो होतो की संग्रहालयात. निवृत्त झाल्या झाल्या. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. बाहेर येऊन पायरीवर बसले ते उठेचनात. तेव्हापासून ती गोष्ट चारचौघांत सांगणं बंद. फक्त तुला सांगतात, आणि सांगून तुझ्या तोंडाकडे बघत बसतात."

मी विचारलं, मलाच का?

"मला काय विचारतेस," टाचणी दातात धरून ती म्हणाली. "डोळ्याला भिंग तुम्ही दोघं लावता."